धुण्याच्या यंत्रांची बखर

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्याची भूमी इतिहासाच्या बाबतीत कृपण नाही. मांढळच्या परिसरात वाकाटक राजांचे ताम्रपट निघाले आणि कोणत्या नृपतीने कोणास कोणती जमीन कोणत्या शर्तींवर दान दिली, हा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा तपशील धातूवर कोरलेला आपल्या हाती आला. वैनगंगेच्या काठी अंभोऱ्यास मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ सिद्ध केला अशी परंपरा असून त्या श्रद्धेने आजही तेथे माणसे जातात. आणि नागपूरहून कुही, उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाणारी जी छोटी गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, त्या जातीची इंजिने व डबे नागपुरात मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात २००२ पासून रंगरंगोटी करून मांडलेले आहेत. राजाचे दान, कवीचा ग्रंथ आणि सरकारची रेल्वे यांची नोंद अशी यथासांग झाली. मात्र कन्हान, आम आणि वैनगंगा यांच्या काठी, गावच्या विहिरीवर, हापशीच्या ओट्यावर पिढ्यानपिढ्या जे धुणे धुतले गेले, ते कोणत्या अवजाराने, किती श्रमाने आणि कोणाच्या हातांनी, याचा एक कागदही कोणत्या दप्तरात सापडावयाचा नाही.

घरकामाच्या अवजारांविषयीची ही उदासीनता सर्वत्र सारखीच आहे. शस्त्रे, नाणी, हस्तलिखिते आणि मोटारगाड्या जमविणारे शौकीन प्रत्येक देशात विपुल आढळतात. परंतु ज्या कामात घरच्या बाईचा आठवड्यातील एखादा दिवस सबंध खर्ची पडत असे, त्या कामाची साधने जमवावीत, मोडली असतील तर दुरुस्त करावीत आणि पुन्हा चालती करावीत, असे मनावर घेणारी माणसे विरळा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ईटन या लहानशा गावाजवळ ली मॅक्सवेल नावाच्या विद्युत-अभियांत्रिकीच्या निवृत्त प्राध्यापकांनी हे मनावर घेतले. १९८५ च्या सुमारास पत्नीसह लांबच्या प्रवासाला निघाले असता वाटेत एका लिलावात त्यांनी एक जुने मेटॅग धुलाईयंत्र विकत घेतले, आणि तेथून सुरू झालेला हा नाद इतका वाढत गेला की हजाराहून अधिक यंत्रांनी त्यांची दालने भरून गेली व जगातील सर्वांत मोठा धुलाईयंत्र-संग्रह म्हणून गिनीजच्या पुस्तकाला त्याची दखल घ्यावी लागली. हाती आलेले यंत्र शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटे करावयाचे, गंज उतरवावयाचा, हरवलेला भाग स्वतःच्या कारखान्यात घडवावयाचा आणि मग ते पुन्हा जोडून चालवून पाहावयाचे, अशी त्यांची रीत. विद्यार्थ्यांना आयुष्यभर विद्युत्-शास्त्र शिकविलेल्या माणसाने उत्तरायुष्य धुण्याच्या टबांत घालवावे, याचे कोणाला हसू येईल. मला मात्र त्यात त्या विद्येचे सार्थक दिसते.

या संग्रहाचे प्राचीन अंग लाकडी आहे. पिंप, त्यात फिरणारा दांडा, बाहेरून हाताने ओढावयाची मूठ, एवढाच त्या यंत्रांचा संसार. पुढचा अध्याय घडला तो आयोवा राज्यातील न्यूटन गावी, आणि तोही शेतीच्या आडवाटेने. फ्रेडरिक मेटॅग यांचा तेथील कारखाना १८९३ पासून मळणीयंत्राची जोडसाधने करीत असे. परंतु शेतीच्या अवजारांची विक्री हंगामी, आणि हंगाम सरला की कामगार रिकामे, या अडचणीतून वाट काढण्यासाठी १९०७ साली त्याने धुण्याचे यंत्र काढले, आणि पुढे पोटधंद्यानेच मूळ धंदा गिळला. खेड्यांत वीज पोचलेली नव्हती, म्हणून मेटॅगने यंत्राखाली पेट्रोलचे लहान इंजिन बसविले. मोटारसायकलीप्रमाणे पायाने झटका देऊन ते सुरू करावयाचे आणि धुराची नळी खिडकीतून बाहेर सोडावयाची. अमेरिकेतील संग्राहक आजही ही इंजिने मोठ्या प्रेमाने जमवितात. यंत्राच्या माथ्यावर रबराच्या दोन लाटण्या बसविलेल्या असत. त्यांच्यामधून ओला कपडा सारला की पाणी निथळून तो चपटा होऊन पलीकडे पडे, आणि लक्ष विचलित झाले तर कपड्याबरोबर बोटेही आत जात. अशा लाटणीच्या यंत्रांचे उत्पादन मेटॅगने १९८३ पर्यंत चालू ठेवले, यावरून जुन्या वहिवाटीचा चिवटपणा लक्षात यावा.

तथापि ज्या यंत्रांवर शौकिनांचा खरा जीव जडतो ती विसाव्या शतकाच्या मध्यावरील. १९३७ साली बेंडिक्स कंपनीने समोरून काचेचे दार असलेले यंत्र लोकांपुढे मांडले. भिजवणे, घुसळणे, खळबळणे आणि पिळणे ही चारही कामे ते माणसाचा हात न लागता क्रमाने करी. परंतु पिळताना ते इतके थरथरे की त्यास बोल्टांनी जमिनीत पक्के जखडावे लागे. मग महायुद्ध आले, १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने घरगुती यंत्रांचे उत्पादन थांबवून कारखाने युद्धसाहित्याकडे वळविले, आणि लढाई संपल्यावर तुंबलेली मागणी धरण फुटावे तशी बाहेर पडली. १९४७-४८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक, व्हर्लपूल आणि फ्रिजिडेअर यांची वरून कपडे घालावयाची स्वयंचलित यंत्रे बाजारात आली, १९४९ मध्ये मेटॅगचे आले. फ्रिजिडेअर ही त्या काळी जनरल मोटर्सची शाखा असल्याने तिच्या यंत्रांत मोटारगाडीचा डौल उतरला होता. तिचे घुसळण्याचे चाक इतरांप्रमाणे डावे-उजवे न फिरता उखळातील मुसळाप्रमाणे वर-खाली होई, आणि पिळणारा टब मिनिटास ११४० फेरे घेई. १९५३ मध्ये बेंडिक्सने धुणे आणि वाळवणे एकाच पोटात करणारे ‘ड्युओमॅटिक’ काढले. गुलाबी, लिंबोणी, आकाशी असे रंग यंत्रांना चढले. १९५९ साली मॉस्कोच्या प्रदर्शनात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह या दोन धुरीणांची भांडवलशाही व साम्यवाद यांवर जी जाहीर खडाजंगी झाली, ती एका नमुन्याच्या स्वयंपाकघरात, आणि तीत धुण्याच्या यंत्राचाही विषय निघाला. अण्वस्त्रांच्या छायेत दोन महासत्तांनी परकरांच्या धुण्यावर वाद घालावा, ही गोष्ट गंभीर इतिहासकारांनी थोडी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी होती.

कपडे वाळविण्याच्या यंत्राचा जन्म नॉर्थ डकोटाच्या हिमवर्षावात झाला. ऐन थंडीत बाहेर दोरीवर कपडे घालणाऱ्या आईचे हाल पाहून जे. रॉस मूर या गृहस्थांनी तापल्या पिंपात कपडे फिरविण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले, आणि १९३८ साली विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते यंत्र विक्रीस आणले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ओले धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत कडक होते, त्यामुळे या वस्तूची मातबरी कुहीकरांस कळणे कठीण. श्रावणातील झडीत मात्र ती कळावी.

या काळातील यंत्रे जमविण्यात आणि दुरुस्त करण्यात जी गोडी आहे, तिचे रहस्य त्यांच्या टायमरमध्ये आहे. आजच्या यंत्राचा मेंदू बोटभर चिपमध्ये बंद असतो. तो बिघडला की तज्ज्ञही हात झाडतो आणि नवे कार्ड घाला म्हणतो. जुन्या टायमरचे झाकण उघडले तर सारा कारभार डोळ्यांपुढे उलगडतो. घड्याळातल्यासारखी एक चिमुकली मोटर असते. तिने टिकटिक करीत पुढे ढकललेला एक दांडा, दांड्यावर शेजारी शेजारी ओवलेल्या चकत्या आणि प्रत्येक चकतीच्या कडेला उंचवटे व खाचा असतात. उंचवटा आला की वरची पितळी पट्टी उचलली जाऊन संपर्क जुळतो व पाण्याची झडप उघडते. दुसऱ्या चकतीची खाच आली की मोटर थांबते. तिसरीच्या उंचवट्यावर पंप सुरू होतो आणि मळके पाणी बाहेर पडते. धुण्याचा सारा क्रम, जो शतकानुशतके आईकडून लेकीकडे तोंडी जात होता, तो येथे पहिल्यांदा धातूवर कोरला गेला. मांढळच्या ताम्रपटाइतकाच हाही वाचनीय लेख आहे, असे म्हटले तर पुरातत्त्वज्ञांनी रागावू नये.

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, पन्नास-साठ वर्षे पडवीत पडलेल्या यंत्राचा प्लग उत्साहाच्या भरात सॉकेटमध्ये घालू नये. त्या काळच्या तारांवरील रबर व कापडाचे वेष्टन वाळून त्याचा भुगा झालेला असतो. म्हणून आधी मेगर लावून मोटरचे वाइंडिंग आणि बॉडी यांमधील रोध तपासावा, जुना कंडेन्सर न फोडता बदलावा, कारण कित्येकांत भरलेले तेल विषारी असे, आणि वाळवणयंत्राच्या किंवा ब्रेकच्या आत राखाडी तंतूंचे अस्तर दिसले तर ते अॅस्बेस्टॉस समजून त्यास खरवडण्याच्या फंदात पडू नये. त्यानंतर गिअर बॉक्सची पाळी. आतील तेल बहुधा काकवीप्रमाणे घट्ट झालेले असते. ते काढून, दाते रॉकेलने धुऊन, ऑइल सील नवे घालावे लागते, नाही तर तेल टबात उतरून पांढऱ्या कपड्यांची वासलात लागते. बेअरिंगची चिंता सहसा नसते, कारण त्यांची मापे जगभर ठरलेली असून सत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्राचे बेअरिंग नागपूरच्या बाजारातही मिळू शकते. रबरी नळ्या, दाराची चकती आणि पट्टा यांची गोष्ट निराळी. रबर मरते, त्याला औषध नाही. जुन्याच्या मापाने नवे ओतून घ्यावे लागते. आणि सर्वांत अवघड प्रकरण तामचिनीचे. टबावरील तो काचेसारखा पांढरा लेप भट्टीत सुमारे ८०० अंशांवर भाजून चढविलेला असतो. त्याचा टवका उडाला आणि खाली लोखंड गंजू लागले की घरच्या ब्रशाने लावलेला रंग त्यावर टिकत नाही.

अमेरिकन यंत्र हिंदुस्थानात आणून चालवू पाहणाऱ्याची आणखी एक पंचाईत होते. ते १२० व्होल्ट व सेकंदास ६० आवर्तनांच्या विजेसाठी घडविलेले असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टचा प्रश्न सुटतो. आवर्तने मात्र पन्नासच राहतात, म्हणून मिनिटास १७२५ फेरे घेणारी मोटर येथे सुमारे १४२५ वर येते आणि टायमरचे घड्याळही त्याच प्रमाणात मंदावते. यंत्र चालते, पण अंमळ आळसावल्यासारखे.

पुनरुद्धार किती करावा, यावर या मंडळींत पंथभेद आहेत. कोणी यंत्र कारखान्यातून कालच निघाल्यासारखे चकचकीत करतो, कोणी गंज थांबवून बाकी सारे जसेच्या तसे ठेवतो. माझा कौल दुसऱ्यास आहे, मात्र यंत्र चालले पाहिजे या अटीवर. बटणाभोवतीचा रंग जेथे वीस वर्षे एकाच अंगठ्याने घासून नाहीसा झाला आहे, त्या जागी नवा रंग मारणे म्हणजे दस्तऐवजावरील सही पुसणे होय. आणि न चालणारे धुलाईयंत्र कितीही देखणे असले तरी त्याची कळ, आवाज, हादरा, यांपैकी काहीच पाहणाऱ्यास कळत नाही.

आता कोणी विचारील, की कोलोरॅडोच्या या उचापतीशी कुहीचा संबंध काय? संबंध वंशावळीचा आहे. महायुद्धानंतर १९४८ मध्ये हूव्हर कंपनीने वेल्समधील मर्थर टिडफिल येथे एक स्वस्त आणि आटोपशीर यंत्र काढले. त्यात मध्ये उभा दांडा नव्हता. टबाच्या बाजूला बसविलेली एक चकती फिरून पाण्यात भोवरा उठवी. १९५३ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने तोच नमुना समोर ठेवून आपले यंत्र बनविले, आणि पाहता पाहता दूरदर्शन संच व शीतपेटी यांच्या बरोबरीने ते जपानी गृहस्थाच्या तीन रत्नांत जाऊन बसले. पुढे चकती टबाच्या तळाशी गेली, पिळण्यासाठी शेजारी दुसरा टब आला, आणि हे दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक यंत्र ऐंशीच्या दशकात जपानी तांत्रिक सहकार्याने आपल्याकडे उतरले. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने त्याची जाहिरात दूरदर्शनवर अशी काही गाजविली की त्या पिढीस तिची चाल अद्याप पाठ आहे. समोरून दार असलेली बेंडिक्सच्या कुळातील यंत्रेही आयएफबी कंपनीने जर्मन बॉशच्या साहाय्याने, गोव्यातील वेर्ण्याच्या कारखान्यात सुरू केली; परंतु त्यांस नळाला सतत दाब असलेले पाणी लागे. दोन टबांच्या यंत्रात बादलीने पाणी ओतता येते, एका घाणीचे साबणपाणी दुसऱ्या घाणीस वापरता येते, आणि भारनियमनात वीज गेलीच तर कपडे हाताने पिळून मोकळे होता येते. जेथे नळ एक वेळ आणि वीज मर्जीनुसार, तेथे हेच यंत्र शिरले, ही गोष्ट ग्राहकांच्या शहाणपणाची साक्ष आहे. त्याचा धुण्याचा टायमर चावीच्या घड्याळाप्रमाणे स्प्रिंगवर चाले. मोटर थांबली तरी तो आपला कर्र कर्र करीत शून्यावर येई.

यंत्रापूर्वीचे धुणे ज्यांच्या हातांत होते, त्यांचा उल्लेख केल्यावाचून ही बखर अपुरी राहील. गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. विदर्भात त्यास वरठी म्हणतात. रेहाची खारी माती, सोडा, रिठे, भट्टीची वाफ, दगडावरची आपटणी, नीळ आणि खळ, अशा त्याच्या शास्त्राच्या पायऱ्या असत, आणि मोबदला सुगीच्या धान्यात मिळे. याच समाजात १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी डेबूजी जन्मले आणि पुढे गाडगे महाराज होऊन त्यांनी गावेच्या गावे खराट्याने झाडून काढली. यंत्र आले तेव्हा सुधारकांनी भाकीत केले की बाईची सुटका होणार. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन विदुषीने १९८३ साली ‘मोर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवून दिले की प्रकरण तितके सरळ नाही. धोब्याकडे जाणारे कपडे घरी परतले, सदरा दोन दिवस घालण्याची चाल जाऊन रोज बदलू लागला, आणि श्रम हलके झाले तरी धुण्याचा ढीग वाढला. आपल्या घरात डोकावून पाहणाऱ्यास याची सत्यता पटण्यास ग्रंथ वाचावा लागत नाही. तरीही पाठीचा कणा वाचला, आणि पौषातील पहाटेच्या पाण्याने बधिर होणारी बोटे वाचली, हे श्रेय यंत्रास द्यावेच लागेल.

आपल्याकडची ती पहिली दोन टबांची यंत्रे आता नामशेष होत आहेत. न्हाणीघरातील ओलीने खालचा पत्रा सडतो, तळातून उंदीर शिरून तारा कुरतडतात, बोअरच्या जड पाण्याचा क्षार तळाच्या चकतीखाली साचतो. आणि दिवाळीच्या सुमारास जुने द्या, नवे घ्या अशी पाटी दुकानावर झळकली की ते घराबाहेर पडते. भंगारात तांब्यासाठी मोटर निराळी निघते, प्लास्टिकचा टब निराळा जातो. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये नादारीच्या कारवाईत सापडल्यापासून तिच्या जुन्या यंत्रांना मायबाप उरला नाही. त्यांचे सुटे भाग कोणते, कोणत्या दुसऱ्या यंत्राचा टायमर त्यास बसतो, ब्रेकची तार कशी आवळावयाची, हे ज्ञान आता तालुक्याच्या गावी कूलर, पंखे आणि मोटरवाइंडिंगची कामे करणाऱ्या कारागिरांच्या हातांत तेवढे शिल्लक आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही.

अशा वस्तू जपण्याजोग्या नाहीत, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्रास नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, झारे, फण्या अशा घरोघरी टाकून दिलेल्या जिनसा आयुष्यभर वेचून, दिवंगत पुत्र राजा याच्या नावे जे संग्रहालय उभे केले, ते पाहावयास आज परदेशातून माणसे येतात. केळकर ज्या काळात हिंडत होते तेव्हा अडकित्ताही भंगारच होता. त्यांच्या संग्रहातील वस्तू विजेच्या पूर्वीच्या. विजेनंतरच्या घराचा संग्राहक महाराष्ट्रास अद्याप मिळावयाचा आहे. नागपुरात १८६३ पासून उभ्या असलेल्या ‘अजब बंगला’ या वस्तुसंग्रहालयात एखादे चालू स्थितीतील दोन टबांचे यंत्र, शेजारी परटाची मोगरी व निळीची पुडी, अशी मांडणी झाली तर शाळकरी मुले तेथेही रेंगाळतील.

तोवर वाचकांस एवढीच विनंती, की तुमच्या घरी नव्वदच्या दशकातील किंवा त्याआधीचे धुण्याचे यंत्र असेल तर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्यापूर्वी मागील पट्टीवरील क्रमांक व साल उतरून घ्या, खरेदीची पावती आणि हमीपत्र सापडल्यास जपून ठेवा, ते कोणत्या वर्षी, किती रुपयांना, धानाच्या पैशांतून की मिरचीच्या, आणि कोणाच्या आग्रहावरून घरात आले, हे आईला अथवा आजीला विचारून त्याच पावतीच्या पाठीवर लिहा. आणि यंत्र अजून फिरत असेल, तर विकण्याची घाई करू नका.